भिलाईची धार

भिलाई पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीच्या फलाटावर उभा आहे. अंगात चंदेरी कोट, डोळ्यांसमोर निळी काच. भट्टीच्या बुडाशी ड्रिल गरगरत मातीचं बूच पोखरतंय. "पीछे, और पीछे!" एक कामगार मला दंडाला धरून मागे ओढतो. तेवढ्यात ठिणग्यांचं मोहोळ उठतं आणि पांढराशुभ्र रस पाटात उतरतो. सुमारे दीड हजार अंश सेल्सियस. चेहऱ्याची कातडी ताणली जाते.

या रसातला स्लॅग, म्हणजे मळी, हलका, तो वर तरंगतो; आडव्या बांधाला अडून बाजूच्या पाटानं निघून जातो. तिकडे त्याच्यावर पाण्याचा मारा बसला की त्याची रेती होते, ती सिमेंटला लागते. जड लोखंड बांधाखालून निसटतं आणि खाली रुळांवर थांबलेल्या लॅडलमध्ये कोसळतं. लांब दांड्याच्या पळीनं नमुना उचलणाऱ्या माणसाच्या बाह्यांना बारीक बारीक भोकं पडली आहेत.

1959 साली इथली पहिली भट्टी पेटली, तेव्हापासून या भट्ट्यांना खनिज पुरवलं ते मुख्यतः डल्ली-राजहराच्या डोंगरांनी. ते इथून नव्वदेक किलोमीटरवर. तिथले डोंगर आता पायऱ्यापायऱ्यांनी कापून निघालेत, खनिज सरत आलंय. म्हणून रूळ पुढे रावघाटच्या लोहखनिजाकडे सरकताहेत. पण समोरची धार पाहताना मला डंपर आठवत नाहीत. हातोड्यानं दगड फोडून, घमेल्यांनी ट्रक भरणाऱ्या तिथल्या बायाबापड्या आठवतात. कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या सोबतीनं हे खाणकामगार संघटित झाले आणि 1983 साली स्वतःच्या वर्गणीतून, स्वतःच्या श्रमांतून त्यांनी शहीद हॉस्पिटल सुरू केलं. नियोगींचा खून याच भिलाईत झाला, 1991 मध्ये. या कारखान्यातून 260 मीटर लांबीचे रूळ देशभर जातात, त्याचा अभिमान जरूर वाटावा. पण त्या अभिमानात राजहराच्या त्या माणसांचा वाटा आधी मोजला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

भट्टीच्या तोंडातून आता ज्वाळा फुसफुसू लागल्यात. भोंगा वाजतो. मड गन वळून तोंडाशी भिडते, माती दाबते, धार तुटते. कोणी बसत नाही. दोघे पहारी घेऊन पाटात थिजलेलं लोखंड उचकटायला लागतात, तिसरा कडांना नवा लेप देतो. पुढच्या धारेआधी पाट खडखडीत कोरडा हवा. ओल राहिली तर लोखंड उसळून अंगावर येतं.