लालबागमध्ये पान आडवं धरून

लालबागच्या मसाला गल्लीत स्केच करायला बसायचं तर सकाळची सावली पकडावी लागते. मार्च-एप्रिलात वर्षाचा मसाला कुटून घ्यायला बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन रांग लावतात. त्या आपल्यासाठी थांबणार नाहीत, म्हणून माणसं आधी, इमारती नंतर. एकीचा नाकाला लावलेला पदर कागदावर येतो न येतो तोच तिचा नंबर लागतो. मग खालचं धड तिच्या मागच्या बाईचं. अशी जोडमाणसं माझ्या वहीत पुष्कळ आहेत. शाई ओली असताना मिरचीची भुकटी तिच्यावर बसते आणि रेघेला तांबूस कड येते. ती मी पुसत नाही.

हमरस्त्यावर आलं की उड्डाणपूल. २०११ मध्ये तो सुरू झाला आणि इथल्या चित्राला जाड कंबरपट्टा बसला. त्याच्या पोटात छाया भरली की सगळं पान जड होतं, म्हणून नुसत्या दोन रेघा मारून सोडतो. पुनर्विकासासाठी रिकाम्या झालेल्या चाळींवरच्या हिरव्या जाळीचंही तेच. तिचे चौकोन भरत बसलं की चित्र मेलंच. परांचीचे बांबू आणि जाळीचे एक-दोन झोळ पुरतात.

खरी अडचण टॉवरची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, १९९१ च्या विकास नियमावलीनं त्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली, आणि तिथं उभ्या राहिलेल्या टॉवरांपुढे गिरणीच्या चिमणीची उंची कुणाच्या खिजगणतीत राहिली नाही. चाळ तीन-चार मजल्यांची. गॅलरीतून मारलेली हाक खाली ऐकू येते, रस्त्यावरच्या माणसाशी चाळीचं माप जुळतं. सुधीर पटवर्धनांच्या शहरचित्रांत माणसं इमारतींपुढे दबत नाहीत, ते मला फार मोलाचं वाटतं. टॉवर पुरा घ्यायचा तर पान उभं धरायला हवं, आणि मग रांगेतल्या बायका मुंगीएवढ्या. मी पान आडवंच धरतो. टॉवर पाचव्या मजल्यावर कापतो. तिथवर बहुतेक पार्किंगच असतं.

मागे उभं राहून बघणाऱ्यांना हे पटत नाही.

"वरचे मजले राहिले की हो," एक काका म्हणाले.

"जागाच उरली नाही, काका."

"आमचा बिल्डरपण हेच सांगतो."