दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे

फिलिपाइन्समधल्या सेबू शहरात, सांतो निन्यो बॅसिलिकात, मेणबत्त्या विकणाऱ्या बायका भेटतात. भाविक त्यांच्याकडून मेणबत्त्या घेतो आणि कुणासाठी काय मागायचं ते सांगतो. आईचं दुखणं, पोराची परीक्षा, परदेशातली नोकरी. मग ती बाई मेणबत्त्या हातात धरते, त्या माणसाचं नाव घेत सेबुआनो भाषेत गाऱ्हाणं घालते आणि जागच्या जागी नाचू लागते. दोन पावलं पुढे, एक मागे. हातातल्या मेणबत्त्या हवेत हेलकावत राहतात. ना ढोल, ना वाजंत्री. थोड्या वेळात नाच आटोपतो आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.

हाच सिनुलोग. ‘सुलोग’ म्हणजे पाण्याचा प्रवाह; लाट पुढे येते, थोडी मागे सरते, तशी ही पावलं. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सेबूच्या रस्त्यांवर ढोलांच्या दणदणाटात, पिसांच्या आणि जरीच्या झगमगाटात जी भव्य मिरवणूक निघते, तिचा पायाही याच पावलांचा. आणि हा सगळा थाट ज्याच्यासाठी, तो देव आहे जेमतेम फूटभर उंचीचा, लाकडी बाळ येशू.

त्याची गोष्ट १५२१ सालची. स्पेनच्या राजासाठी पश्चिमेकडून मसाल्याच्या बेटांची वाट शोधायला निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलन त्या एप्रिलमध्ये सेबूला पोहोचला. तिथला राजा हुमाबोन, त्याची राणी आणि शेकडो प्रजाजनांनी बाप्तिस्मा घेतला. राणीला भेट मिळाली ती ही मूर्ती. त्यानंतर पंधरवडाही उलटला नाही, तोच २७ एप्रिलला शेजारच्या माक्तान बेटावर लापुलापू या सरदाराच्या माणसांशी लढताना मॅगेलन मारला गेला आणि उरलेले स्पॅनिश निघून गेले.

मूर्ती मात्र मागे राहिली. १५६५ साली स्पॅनिश सेनानी लेगास्पीच्या आरमाराने सेबूवर तोफा डागल्या, वस्ती पेटली. २८ एप्रिलला एका सैनिकाला अर्धवट जळालेल्या घरात लाकडी पेटी सापडली आणि तिच्यात ही मूर्ती, धड. मधल्या ४४ वर्षांत पाद्री नव्हते की चर्च नव्हतं, तरी कुणीतरी तिला जपलं होतं. लोक आपल्या इतर देवांबरोबर तिलाही पुजत आणि दुष्काळात पावसासाठी समुद्रात बुडवत, असं सांगितलं जातं. ‘देव पाण्यात घालणं’ हा वाक्प्रचार रोजच्या बोलण्यात असलेल्या मराठी माणसाला यात काही नवल वाटू नये! मूर्ती सापडल्याचा तो दिवस सेबूत आजही ‘काप्लाग’ म्हणून पाळतात. काप्लाग म्हणजे सापडणं.

रस्त्यावरचा झगमगाट मात्र तसा अलीकडचा. युवक आणि क्रीडा मंत्रालयाचे स्थानिक अधिकारी डेव्हिड ओडिलाओ यांनी १९८० साली विद्यार्थ्यांना पोशाख चढवून, ढोल देऊन रस्त्यावर उतरवलं. त्याआधी हा नाच मुख्यतः मेणबत्तीवाल्या बायका आणि काही जुन्या नाचणाऱ्या मंडळींपुरताच उरला होता. पुढच्याच वर्षी महापौर फ्लोरेंतिनो सोलोन यांच्या कारकिर्दीत शहराने तो उत्सव म्हणून उचलून धरला.

आता तर त्याच्या स्पर्धा होतात. मूळ पावलं सांभाळून नाचणाऱ्यांचा गट वेगळा आणि मोकळेपणी रचना करणाऱ्यांचा वेगळा. इतर प्रांतांतूनही पथकं येतात. प्रत्येक पथकाची एक ‘राणी’ असते. बाळ येशूची मूर्ती उंच धरून ती नाचते, तेव्हा हुमाबोनच्या राणीचा तो जुना प्रसंग जणू पुन्हा घडतो. गर्दी आरोळी ठोकते, ‘पिट सेन्योर!’ देवाला हाक मारा, असा तिचा अर्थ.

देवाचा उत्सव आणि शहराचा उत्सव एकाच आठवड्यात शेजारी शेजारी चालतात आणि दोघांचं नेहमी जमतंच असं नाही. रस्त्यावर नाचगाणी, चेहऱ्यांना रंग, दारूच्या पार्ट्या. त्यांना आवर घालायला मिरवणुकीच्या मार्गावर दारूबंदी. सुरक्षेपायी काही वर्षी मोबाइलचे सिग्नलही बंद केले गेले. तिकडे बॅसिलिकात मात्र नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालू असते. पहिल्या पहाटेपासून मिरवणुका निघतात. मुख्य दिवसाआधीच्या शनिवारी सकाळी बाळ येशू होडीत बसतो आणि माक्तानच्या खाडीतून, सजवलेल्या नावांच्या ताफ्यासह, सेबूला परततो.

या बाळ येशूचं वेड सेबूपुरतं नाही. कालिबो गावचा आती-आतिहान त्याचाच. इलोइलो शहराचा दिनाग्यांग तर थेट सेबूशी जोडलेला. १९६८ साली सेबूहून मूर्तीची प्रतिकृती तिथे गेली आणि त्यातून तो उत्सव उभा राहिला. या प्रत्येक गावाला आपलाच जल्लोष मोठा वाटतो.

२०१३च्या ऑक्टोबरमध्ये सेबूशेजारच्या बोहोल बेटावर ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सेबूच्या अठराव्या शतकातल्या बॅसिलिकाच्या घंटाघराचा मनोरा ढासळला. तीन महिन्यांनी जानेवारी आला, तेव्हाही सिनुलोग झाला.

मुख्य रविवारनंतरच्या शुक्रवारी पहाटे ‘हुबो’चा विधी असतो. हुबो म्हणजे उतरवणं. उत्सवभर मिरवलेला मुकुट उतरतो, मग राजदंड, जरीचा झगा, बूट. उघड्या मूर्तीला सुगंधी पाण्यात स्नान घालतात आणि साधे कपडे चढवतात. बाहेर रस्त्यांवरच्या पताका तोवर उतरू लागलेल्या असतात. आत लोक आपापल्या घरचे बाळ येशू हातात घेऊन उभे असतात, आणि स्नान आटोपल्यावर तेही नाचतात: दोन पावलं पुढे, एक मागे.