सस्पेन्शन बदलताना बोल्ट तुटला? आधी पाना खाली ठेवा

यूट्यूबवर सस्पेन्शन बदलायचा व्हिडिओ बारा मिनिटांचा असतो. त्यात पाना लावला की नट लगेच फिरतो. आपल्या गाडीखाली मात्र पहिल्या नटातच अख्खी दुपार जाते. मग 'टक्' असा आवाज येतो आणि पाना एकदम सैल होतो. सुटला म्हणून आपण खूश, आणि गोटीत बघतो तर बोल्टचं नुसतं डोकं.

रत्नागिरीला बाबांच्या जुन्या हॅचबॅकचे पुढचे शॉकअप आणि लोअर आर्म बदलताना माझं हेच झालं. गाडी चार दिवस स्टँडवर, आणि त्याच आठवड्यात आजीला डॉक्टरकडे रिक्षाने न्यावं लागलं. घरी किती ऐकून घेतलं ते विचारू नका.

दोष गंजाचा. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये एवढी जागा नसतेच, त्यामुळे तो पाचरीसारखा घट्ट बसतो. समुद्राजवळच्या खारट हवेत हे आणखी लवकर होतं. आपण पान्याला पाइप लावून जोर वाढवतो, पण बोल्टची ताकद तेवढीच राहते. डोक्यावर ८.८ लिहिलेलं असेल तर तो दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताणाला तुटतो, आणि त्याच्या ८० टक्क्यांवरच कायमचा वाकडा व्हायला लागतो. म्हणून हाताला काय लागतंय तिकडे लक्ष द्या. पाना फिरतोय पण रबर पिळल्यासारखा लागतोय, म्हणजे बोल्ट सुटत नाहीये, पिळतोय. तिथेच थांबा. इथे अनडू नाही.

खरं काम आदल्या दिवशीच सुरू होतं. बाहेर दिसणारे आटे वायर ब्रशने साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. (डब्ल्यूडी-४० मधल्या डब्ल्यूडीचा अर्थच 'पाणी हटवणे' आहे. जाम नटासाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल घेतलेलं बरं.) गोटी सहा कोनीच वापरा, बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. आधी किंचित घट्ट करा, मग सैल, पुन्हा थोडं घट्ट. सलग ओढण्यापेक्षा झटके बरे, इम्पॅक्ट रेंच त्याचमुळे चालतो.

तेवढ्याने हललं नाही तर उष्णता. १२ मिलिमीटरचा नट ३०० अंशांनी तापवला तर त्याचं भोक सुमारे ०.०४ मिलिमीटरनेच मोठं होतं, पण गंजाची पकड तोडायला अनेकदा तेवढं पुरतं. नट तापवायचा, बोल्ट नाही. जवळ रबरी बुश, ब्रेकचा होज किंवा इंधनाची नळी असेल तर ज्योत लावूच नका. शॉकअपच्या नळकांड्याजवळ तर अजिबात नाही, आत तेल आणि बऱ्याचदा दाबातला गॅस असतो.

आणि तुटलाच तर? कुठे तुटला यावर सगळं आहे. स्टॅबिलायझर लिंकचा नट असेल तर डोकं लावू नका, लिंक नवीनच टाकणार आहात, ग्राइंडरने कापा. आरपार जाणारा, मागे सुटा नट असलेला बोल्टही ठोकून किंवा कापून निघतो. खरी पंचाईत सबफ्रेमला आतून वेल्ड केलेल्या नटात बोल्ट तुटला की होते. माझा तिथेच तुटला.

मी सेंटर पंच मारून बरोबर मधोमध भोक पाडलं आणि उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घुसवला. तो आतच मोडला! एक्स्ट्रॅक्टर एवढ्या कडक पोलादाचा असतो की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं. त्यापेक्षा डाव्या दिशेने फिरणारं ड्रिल बिट वापरायला हवं होतं, कधीकधी भोक पाडतानाच तुकडा उलटा फिरून बाहेर येतो.

शेवटी गॅरेजवाल्या काकांना घरी बोलावलं. "दादा, मोडायच्या आधी फोन करायचा ना," एवढंच म्हणाले. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, तुटक्या टोकावर एक नवा नट ठेवला आणि त्याच्या भोकातून वेल्डिंग भरलं. थोडं गार होऊ दिलं, मग पाना लावला. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड तुटली होती आणि पकडायला डोकंही मिळालं होतं. पाच मिनिटांत तुकडा बाहेर. आतले आटे टॅप फिरवून साफ केले.

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हे काही करू नका, स्टँड हवेतच. कॉइल स्प्रिंग कंप्रेसरशिवाय सोडवायला जाऊ नका, ती जीव घेऊ शकते. नवे बोल्ट त्याच ग्रेडचे घ्या. बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या. चाक लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि बुश लवकर फाटतो. टॉर्क रेंचचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, आणि व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या.