गल्ला शून्याने जुळला? मग पुन्हा बघा!

आठवड्याचा गल्ला तपासला, एकूण फरक शून्य आला, तुम्ही खूश. थांबा! आधी रोजचे आकडे बघू.

समजा, हिशोबाने असायला हवी ती रोख आणि प्रत्यक्ष मोजलेली रोख यांत सोमवार ते शनिवार असा फरक पडला: +२००, −३००, +१५०, −१००, +२५०, −२००. बेरीज शून्य. पण सहापैकी एकही दिवस गल्ला जुळलेला नाही! जास्तीने कमी झाकलं गेलं, एवढंच.

इथे कामाला येतं शाळेतल्या गणितातलं केवलमूल्य. म्हणजे काय, तर संख्यारेषेवर ती संख्या शून्यापासून किती लांब आहे, ते अंतर. अंतर कधी उणे नसतं. म्हणून |−३००| = ३०० आणि |३००| सुद्धा ३००. उभ्या रेघांच्या आत वजाबाकी असेल तर ती आधी करायची: |५ − ८| = |−३| = ३. वजाचं चिन्ह पुसून १३ करू नका!

आता रोजच्या फरकाचं केवलमूल्य घ्या आणि मग बेरीज करा. १,२०० रुपये! म्हणजे दिवसाला सरासरी २०० रुपयांचा घोळ. क्रम उलटा केलात, आधी बेरीज आणि मग केवलमूल्य, तर पुन्हा शून्यच येईल. एक्सेलमध्ये फरकाच्या शेजारी नवा कॉलम घ्या, त्यात 'एबीएस' फंक्शन लावा आणि त्या कॉलमची बेरीज करा.

कमी आले की आपण काउंटरवरच्या पोरावर संशय घेतो, जास्त आले की गप्प बसतो. पण जास्त आले म्हणजे कदाचित गिऱ्हाइकाला सुटे कमी दिले गेले, किंवा एखादं बिल करायचंच राहिलं. गिऱ्हाईक भांडणार नाही, पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाईल.

मात्र मूळ कॉलम पुसू नका. चूक केवढी, हे केवलमूल्य सांगतं. कोणत्या बाजूची, हे चिन्ह सांगतं. नफा-तोटा काढताना तर चिन्ह हवंच, नाहीतर तोटाही नफ्यात मोजाल.

आज रात्रीपासून एकच नियम लावा: |फरक| ५० रुपयांच्या वर गेला, की कमी असो वा जास्त, शटर ओढण्याआधी त्या दिवसाची बिलं तपासायची. सोमवारची चूक शनिवारी कुणाला आठवणार?