लांब ड्राइव्हवे आणि बर्फ : फावडं, ब्लोअर, प्लाऊ की ट्रॅक्टर?

ऑक्टोबर लागला आहे, झाडं रंगली आहेत आणि हार्डवेअरच्या दुकानांबाहेर स्नोब्लोअरच्या रांगा मांडल्या गेल्या आहेत. आपला कार्यक्रम ऐकणारी बरीच कुटुंबं गेल्या काही वर्षांत शहर सोडून बाहेर राहायला गेली. रॉचेस्टर, सिराक्यूज, बफेलो यांच्या आसपासच्या खेड्यांत दोन-पाच एकर जागा, मोकळी हवा, दिवाळीला पन्नास माणसं सहज मावतील असं घर. फक्त मोठ्या रस्त्यापासून त्या घरापर्यंत तीनशे, चारशे, कधी सहाशे फुटांचा ड्राइव्हवे असतो, आणि जानेवारीत तो साफ कोण करणार हे घर बघायला जाताना कुणाच्या डोक्यात येत नाही. आज त्याबद्दलच बोलू.

आधी थोडा हिशेब करू. ड्राइव्हवे ४०० फूट लांब आणि १२ फूट रुंद धरा. त्यावर सहा इंच बर्फ पडला, म्हणजे २,४०० घनफूट झाला. भुसभुशीत कोरडा बर्फ एका घनफुटाला सहा पौंडांच्या आसपास भरतो. म्हणजे जवळपास साडेसहा टन. तोच बर्फ ओला, लाडवासारखा वळता येणारा असेल, तर घनफुटाला पंधरा पौंड सहज होतात, आणि तुमच्या दारात सोळा टन माल पडलेला असतो. एकाच रात्रीचा. या भागात अशी रात्र हिवाळ्यात एकदा येऊन थांबत नाही. सिराक्यूजमध्ये वर्षाला सरासरी दहा फुटांहून जास्त बर्फ पडतो.

इथला बर्फ येतो सरोवरांवरून. उत्तरेकडचा गार वारा ईरी किंवा ऑन्टॅरिओच्या अजून न गोठलेल्या पाण्यावरून जाताना बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर आला की ओततो. त्याचे पट्टे अरुंद असतात. एका गावात दोन फूट पडतो आणि दहा मैलांवर ऊन असतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये एकाच वादळात सुमारे ८० इंच पडला होता. ईरी सरोवर उथळ आहे, ते बहुतेक वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत गोठायला लागतं आणि मग तिकडचा जोर कमी होतो. ऑन्टॅरिओ खोल आहे, ते क्वचितच पूर्ण गोठतं. त्यामुळे त्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला राहणाऱ्यांना मार्चपर्यंत उसंत नाही. तुमच्या शेजाऱ्याला विचारा, "इथे एका दिवसात जास्तीत जास्त किती पडलेला पाहिलात?" यंत्र निवडताना त्या उत्तराचा उपयोग कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त होतो.

आता फावड्याबद्दल स्पष्टच बोलतो. पायऱ्या, दारासमोरची जागा, गाडीभोवतीचं, एवढ्यापुरतं फावडं ठीक आहे. चारशे फुटांसाठी नाही. गार हवेत रक्तवाहिन्या आकसतात, आणि त्याच वेळी हात डोक्यापर्यंत उचलून आपण हृदयावर अचानक भार टाकतो. बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका वाढतो, हे अमेरिकन हार्ट असोसिएशन वर्षानुवर्षं सांगत आली आहे. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयरोग इतरांपेक्षा लवकरच्या वयात दिसतो, हेही आपल्याला माहीत आहे. सहा महिन्यांसाठी आलेले बाबा "आयुष्यभर शेतात कुदळ मारली आहे, हे काय मोठं" म्हणून कोट चढवायला लागले, तर त्यांना प्रेमाने पण ठामपणे थांबवा. आणि त्याच बाबांसाठी रात्री दोन वाजता अँब्युलन्स बोलवावी लागली, तर ती दारापर्यंत पोचली पाहिजे. लांब ड्राइव्हवेचा खरा प्रश्न ऑफिसला वेळेवर जाण्याचा नाही. अँब्युलन्स किंवा आगीचा बंब आरशांशिवायच आठ फुटांच्या आसपास रुंद असतो. गाडी गेली म्हणजे झालं, असं म्हणून एका गाडीपुरती गल्ली खणून भागत नाही. बारा फूट मोकळे ठेवा, आणि वळण असेल तिथे आणखी.

यंत्रांकडे येऊ. सर्वांत स्वस्त असतो तो सिंगल स्टेज स्नोब्लोअर. यात रबराची पाती जमिनीला घासत फिरतात, बर्फ उचलतात आणि तीच बाहेर फेकतात. हलका, सोपा, डांबरी रस्त्यावर छान. पण सहा-आठ इंचांच्या पुढे तो दमतो. ड्राइव्हवे खडीचा असेल, आणि खेड्यातले बहुतेक तसेच असतात, तर हा घेऊच नका. पाती जमिनीला टेकत असल्याने खडी उचलली जाते आणि खिडकीवर येते. बॅटरीवरचे ब्लोअर आता चांगले आले आहेत, आवाज कमी, पेट्रोलचा वास नाही. मात्र लांब ड्राइव्हवेवर, ओल्या बर्फात, निम्म्या वाटेत बॅटरी संपते आणि ती पुन्हा भरेपर्यंत उरलेला बर्फ घट्ट होतो.

त्याच्या पुढचा टू स्टेज. पुढचा लोखंडी स्क्रू बर्फ मध्यभागी ओढतो, मागचा पंखा तो धुराड्यातून लांब फेकतो. चाकांना इंजिनाची ताकद असते, ढकलावा लागत नाही. दोन्ही बाजूंना खालती स्किड शू नावाच्या लोखंडी पट्ट्या असतात. त्या खाली सरकवल्या की तोंड जमिनीपासून इंचभर वर राहतं आणि खडी जागेवर राहते. खडीवर बर्फाचा एक पातळ थर उरतो. तो उरू द्या. नोव्हेंबरमध्ये एकदा तो दबून गोठला की वरून पक्का रस्ताच मिळतो.

वेळेचा अंदाज घेऊ. २८ इंची ब्लोअरने बारा फूट रुंदी साफ करायला, थोडं एकावर एक घेत, सहा फेऱ्या लागतात. चारशे फुटांच्या सहा फेऱ्या म्हणजे २,४०० फूट चालणं. ताशी एक मैल वेगाने अर्धा तास, जड बर्फात निम्म्या वेगाने तासभर. ताशी पाच-सहा इंच बर्फ सहसा पडत नसतो, त्यामुळे दिवसाला एक-दोन तास द्यायची तयारी असेल तर तीनशे-चारशे फुटांपर्यंत चांगला टू स्टेज पुरतो. किंमत साधारण एक हजार ते अडीच हजार डॉलर. माझं मत विचाराल, तर ज्याच्याकडे गॅरेजमध्ये जागा आहे आणि गुडघे धड आहेत, त्याने पहिल्या वर्षी हाच घ्यावा. २४ इंचीपेक्षा २८ किंवा ३०, आणि इंजिन जरा मोठंच. ब्लोअरचा एक मोठा गुण असा की तो बर्फ लांब उडवतो. कडेला ढीग साचत नाहीत. वारा पाठीशी राहील असं बघून फेकायचं, एवढंच. नाहीतर सगळा आपल्याच तोंडावर.

प्लाऊचं उलट आहे. प्लाऊ म्हणजे आपला नांगरच, शब्दही तोच. पण इथे तो पुढे लावतात आणि तो जमीन फाडत नाही, बर्फ ढकलतो. पिकअप ट्रकला साडेसात फुटांचं पातं लावलं की चारशे फूट दहा मिनिटांत होतात, आणि तुम्ही उबदार केबिनमध्ये रेडिओ ऐकत बसलेले असता. मोह होतोच. पण ढकललेला बर्फ जातो कुठे? कडेला. डिसेंबरमध्ये त्याची भिंत होते, गोठून दगड होते, आणि पुढच्या वेळी पातं तिला आपटतं. जानेवारीअखेर बारा फुटांचा रस्ता आठ फुटांचा झालेला असतो. म्हणून प्लाऊ वापरणाऱ्याने पहिल्याच बर्फाला गरजेपेक्षा खूप लांबपर्यंत, पार गवतावर चार-पाच फूट आत ढकलून ठेवायचं असतं. आणि ट्रक कुठलाही चालत नाही. पुढच्या आसाची वजन पेलण्याची मर्यादा दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेली असते. प्लाऊचं वजन तिथे बसतं का, ते कंपनीच्या तक्त्यावरून तपासा. मागे वाळूच्या गोण्या टाकाव्या लागतात त्या वेगळ्याच. घरची एसयूव्ही या कामाला जुंपू नका.

सहाशे फूट, हजार फूट आणि वर पाच एकर असेल, तर छोट्या ट्रॅक्टरचा विचार करा. खेड्यात वाढलेल्या मंडळींना हे सांगायलाच नको. मागे तीन बिंदूंची जोडणी आणि पीटीओचा दांडा, ज्याच्यावर आपल्याकडे रोटाव्हेटर चालतो, त्याच दांड्यावर इथे स्नोब्लोअर चालतो. पुढे लोडरची बादली लावली की कडेचे गोठलेले ढीगही उचलून हलवता येतात, आणि ते काम प्लाऊच्या ट्रकला जमत नाही. महिंद्राचे लाल ट्रॅक्टर इथे १९९४ पासून विकले जातात. डीलरच्या आवारात ते दिसले की आपल्या माणसाचा पाय थोडा रेंगाळतोच. ट्रॅक्टर महाग, नवा घेतला तर पंधरा-वीस हजारांच्या पुढे. पण तो उन्हाळ्यात गवत कापतो, खडी पसरतो, लाकडं ओढतो. फक्त बर्फासाठी तो घेणं मला पटत नाही. मागे लावलेल्या ब्लोअरने काम करताना तासभर मान वळवून मागे बघत उलटं चालवावं लागतं, हेही आधी एकदा करून बघा. चाकांना साखळ्या हव्यातच, विशेषतः चढ असेल तर.

कुठलंही यंत्र घ्या, सर्वांत त्रासाचे शेवटचे दहा फूट असतात, जिथे तुमचा ड्राइव्हवे मोठ्या रस्त्याला मिळतो. तुम्ही साफ करून घरात येता, चहा टाकता, आणि गावाचा प्लाऊ येऊन तोंडाशी तीन फुटांचा बांध घालून जातो. मिठाचा, चिखलाचा, दगडासारखा बर्फ. यावर एक जुनी युक्ती आहे. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे तुमच्या बाजूचा प्लाऊ डाव्या हाताने येतो. तेव्हा ड्राइव्हवेच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेने दहा-पंधरा फुटांचा एक खिसा साफ करून ठेवा. प्लाऊ आपला माल आधी त्या खिशात सोडतो आणि तुमच्या तोंडाशी कमी उरतो. खिशातला किंवा ड्राइव्हवेचा बर्फ रस्त्यावर किंवा रस्त्यापलीकडे मात्र ढकलू नका. मिशिगनसारख्या राज्यांत त्याला थेट कायद्याने बंदी आहे, आणि बाकी ठिकाणीही मागच्या गाडीचा जीव त्यात जाऊ शकतो.

सुरक्षिततेच्या गोष्टी सूचनापुस्तिकेत असतात आणि कुणी वाचत नाही, म्हणून एकच जोर देऊन सांगतो. ओल्या बर्फाने ब्लोअरचं धुराडं तुंबतं. हात घालायचा नाही. इंजिन बंद केलं तरी नाही. अडकलेल्या पात्यात ताण साठलेला असतो आणि अडथळा सुटताच ते फिरतं. यासाठी यंत्रावर प्लास्टिकची एक काठी दिलेली असते, तीच वापरा. शिअर पिनचे चार जादा नग खिशात ठेवा. दगड अडकला की ही छोटी पिन मुद्दाम तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. तिच्या जागी साधा बोल्ट घालणारे लोक नंतर गिअरबॉक्स विकत घेतात. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करू नका, दार अर्धं उघडं असलं तरी. आणि एप्रिलमध्ये टाकीत पेट्रोल तसंच सोडू नका. एकतर स्टॅबिलायझर घाला किंवा टाकी संपेपर्यंत चालवा. नोव्हेंबरमध्ये ब्लोअर सुरू न होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच जुनं पेट्रोल असतं.

हे सगळं नकोच असेल, तर माणूस लावा. त्यात कमीपणा काही नाही. घरी वयस्कर आई-वडील असतील आणि तुमची हॉस्पिटलची रात्रपाळी असेल, तर तेच शहाणपणाचं. पण आत्ताच बोला, थँक्सगिव्हिंगनंतर कुणी मोकळं सापडत नाही. किती इंच पडल्यावर येणार, पहाटे किती वाजेपर्यंत, पैसे दर फेरीला की पूर्ण हंगामाचे, विमा आहे का, लॉन किंवा पत्रपेटी मोडली तर काय, हे कागदावर घ्या. मीठ टाकणार असेल, तर तुमची विहीर कुठे आहे ते दाखवा. खडीवर मिठापेक्षा जाड वाळू बरी. साधं मीठ तसंही पंधरा अंश फॅरनहाइटच्या खाली फारसं चालत नाही.

मोकळ्या शेतातून वारा येऊन रस्त्यावर बर्फ साचवत असेल, तर यंत्राआधी कुंपणाचा विचार करा. फटी असलेलं चार फूट उंच हिमकुंपण वाऱ्याच्या बाजूला, रस्त्यापासून उंचीच्या पस्तीस पट, म्हणजे १४० फुटांवर लावतात. बर्फ कुंपणामागे पडतो, रस्त्यावर नाही. फार जवळ लावलं तर तोच बर्फ नेमका ड्राइव्हवेवर येतो. जमीन शेजाऱ्याची असेल, तर आधी त्याच्याशी बोला, जाताना चिवड्याचा डबा घेऊन.

आणि या शनिवारी, जमीन अजून मऊ आहे तोवर, ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना चमकणाऱ्या पट्टीच्या काठ्या ठोकून घ्या, वळणांवर जरा जवळजवळ. नोव्हेंबरअखेर जमीन गोठली की त्या आत जात नाहीत, आणि दोन फूट बर्फाखाली कडा कुठे आहे, पाण्याचा नळ कुठे आहे, हे घरमालकालाही सांगता येत नाही.