झांजेवर चढली झांज

ड्रमसेटवरची सिंबल घुमत राहण्यासाठीच घडवलेली असते. चांगल्या सिंबलच्या काशात साधारण ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील. काठी पडली की ती कितीतरी वेळ थरथरत राहते. पण तिच्यावरच दुसरी सिंबल चढवली, तर दोन्ही एकमेकींना घासतात, कंप लगेच दबतो आणि उरतो आखूड, कोरडा, खरखरीत ‘चॅक्’. हाच ‘स्टॅक’.

चायना सिंबलवर छोटी स्प्लॅश सिंबल ही नेहमीची जोडी. खरी किमया मात्र जोडी स्टँडवर धरणाऱ्या, वरच्या विंग नटची! घट्ट आवळला तर आवाज टाळीसारखा तुटक येतो. जरा सैल सोडला की त्याच जोडीतून सळसळती शेपटी निघते.

ड्रमर टेरी बोझिओने आपल्या अवाढव्य ड्रमसेटवर असे स्टॅक मनमुराद वापरले. ड्रमर माइक पोर्टनॉयच्या नावाने तर सेबियन कंपनीने ‘मॅक्स स्टॅक्स’ या तयार जोड्याच बाजारात आणल्या. तरी स्वतः जुळवलेल्या जोडीची मजा वेगळीच. त्यासाठी महागडा माल लागत नाही. तडा गेलेली, एकटीने वाजवायला निकामी ठरलेली सिंबलही इथे उपयोगी पडते, कारण स्टॅकला हवी असते तिची खरखरच.