पाहणे आणि टिपणे

फाल्गुन सरत आला, की नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्याचे रूप पालटू लागते. गहू कापणीला येतो, कांद्याची काढणी सुरू होते आणि गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मधमेश्वरच्या जलाशयाचे पाणी काठापासून दूर सरू लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे बंधारा बांधला गेला, तो शेतीला पाणी मिळावे म्हणून. नद्यांनी वाहून आणलेला गाळ त्यामागे साचत गेला, त्याची बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या. आणि अभियंत्याच्या दृष्टीने जो दोष, तोच पक्ष्यांना वरदान ठरला. १९८६ साली ही पाणथळ अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२० च्या जानेवारीत रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून तिचे नाव जाहीर झाले. महाराष्ट्रात हा मान मिळवणारी ती पहिली पाणथळ होय.

पक्षी पाहण्याचा हंगाम थंडीबरोबर संपतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दलदलीतील सर्वांत धामधुमीचा काळ वसंताचाच. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक हे हिवाळी पाहुणे या दिवसांत परतीच्या वाटेला लागतात. शेकडो कोसांच्या त्या उड्डाणासाठी लागणारी शिदोरी त्यांना बांधून नेता येत नाही; ती चरबीच्या रूपाने अंगातच साठवावी लागते. म्हणून निघण्यापूर्वीचे काही आठवडे हे पक्षी अधाशासारखे खात असतात. अशा वेळी त्यांचा थवा उगाच उठवणे म्हणजे प्रवाशाच्या शिदोरीतील भाकरी काढून घेणे होय. प्रत्येक उड्डाणात साठवलेले काही खर्च होते आणि खाण्याचा वेळ बुडतो तो वेगळाच.

पाहुणे निघण्याच्या तयारीत असताना घरच्यांचे संसार मांडले जाऊ लागतात. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या आडोशाला बहुधा चार अंडी घालते. ती मातीच्या रंगात इतकी मिसळून जातात, की पायाखाली येईपर्यंत माणसाला दिसत नाहीत. पुढे सुमारे चार आठवडे नर आणि मादी आळीपाळीने त्यांवर बसतात. चैत्राच्या उन्हात हे बसणे ऊब देण्यासाठी नसते, तर सावली देण्यासाठी असते. ऊन फारच तापले, की टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवून परत येते आणि त्या ओलाव्याने अंडी निववते. शेकाट्याही असेच करतो. अंड्यांतील जीव या येरझारांवर तगलेला असतो.

आणि नेमक्या याच वेळी लांब नळीची भिंगे घेतलेली मंडळी काठावर येतात. त्यांचा हेतू वाईट असतो, असे म्हणता येणार नाही. पक्ष्यांविषयीच्या प्रेमानेच ती भल्या पहाटे घर सोडून आलेली असतात. परंतु चांगले छायाचित्र हवे म्हणून दोन पावले पुढे, आणखी चांगले हवे म्हणून आणखी चार पावले, असे होता होता टिटवी उठते आणि डोक्यावर आक्रोश करीत घिरट्या घालू लागते. तो आक्रोश म्हणजे उत्तम ‘कृती’ मानून कॅमेरा चालू राहतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ती दहा मिनिटे असतात. उघड्या पडलेल्या अंड्यांच्या दृष्टीने तो भर उन्हातला वनवास असतो. एक माणूस निघून गेला, की दुसरा येतो. आणि जागेचा पत्ता मोबाइलवरून पसरला, तर दुसऱ्या दिवशी वीस येतात.

मराठीत ‘टिपणे’ हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. पाखरू दाणा टिपते, शिकारी पाखरू टिपतो आणि छायाचित्रकार छायाचित्र टिपतो. यांतील दुसऱ्या व तिसऱ्या टिपण्यात आपण मोठे अंतर मानतो. कायदा मात्र ते तितके मोठे मानीत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या करताना पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे याचाही तीत समावेश केलेला आहे. बंदूक नसली, तरी शिकार घडू शकते, हे या कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच ओळखले होते.

पक्षिछायाचित्रणाच्या आरंभीची माणसे या बाबतीत अधिक सोशीक होती. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी किअर्टन या बंधूंनी १८९२ साली घरट्यातील अंड्यांचे छायाचित्र घेतले. पुढे पक्षी बुजू नयेत म्हणून ते बैलाच्या कातड्याच्या पोकळ सोंगात शिरून तासन् तास बसत. आज हसू येते. पण त्या सोंगामागची वृत्ती हसण्याजोगी नव्हती. पक्ष्याने आपल्याला जागा दिली पाहिजे असे न मानता, पक्ष्याच्या जगात आपण नाहीसे झाले पाहिजे, असे ते मानीत. पुढे फिल्मच्या एका गुंडाळीत छत्तीस चित्रे असत, म्हणून हात आपोआप आखडता राही. आता चित्रांना मोजदाद उरलेली नाही आणि संयम मात्र ज्याचा त्यालाच आणावा लागतो.

यावर आक्षेप घेतला जाईल, की पाणथळींचे खरे शत्रू वेगळेच आहेत. शेतांतून झिरपणारी कीटकनाशके, शहरांचे सांडपाणी, वरच्या धरणांतून आवर्तन सुटताच चढणारे आणि काठची घरटी बुडवणारे पाणी यांच्यापुढे चार छायाचित्रकारांची काय कथा? आक्षेप खोटा नाही. छायाचित्रांनी ज्ञानातही भर घातली आहे. पायातील कड्यावरचा क्रमांक चित्रात वाचून पक्ष्याचा प्रवास उलगडता येतो. परंतु पाण्याचे आवर्तन सामान्य नागरिकाच्या हाती नसते. पुढे टाकायचे पाऊल मात्र असते. आणि ज्याला पक्ष्यापासून शंभर पावलांवर थांबता येत नाही, त्याने धरणाच्या अधिकाऱ्याकडून संयमाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

नियम तसे साधे आहेत. पक्षी मान उंचावून पाहू लागला, की थांबावे. तो चालू लागला, की मागे फिरावे. घरट्याजवळ जाऊ नये आणि त्याचा ठावठिकाणा जाहीर करू नये. नोंदीत पक्ष्याची मुद्रित साद वाजवून त्याला फसवू नये. शाळेच्या सहलीबरोबर जाणाऱ्या शिक्षकाला तर कॅमेऱ्याचीही गरज नाही. एक दुर्बीण, एक वही आणि निरीक्षण मनोऱ्यावर शांत बसलेली वीस मुले एवढे पुष्कळ झाले. टिटवी किती वेळाने पाण्यावर गेली, किती वेळाने परतली, परतताना सरळ आली की वळसा घेऊन, हे ज्या मुलाने वहीत लिहिले, त्याने तिचे जे पाहिले, ते पुष्कळ छायाचित्रांत सापडणार नाही.

टिटवीदेखील समुद्र आटविते, अशी आपली म्हण आहे. तिची अंडी समुद्राने नेली, तेव्हा तिने त्याच्याशी वैर मांडले, अशी त्यामागची कथा. नांदूर मधमेश्वरच्या काठावरील टिटवी कोणाशी वैर मांडण्याच्या स्थितीत नाही. भिजल्या पोटाने आपल्या चार अंड्यांकडे परत येण्याची वाट मोकळी असावी, एवढेच तिचे मागणे आहे. आणि ते पुरे करण्यासाठी माणसाला काही करावयाचे नसून, केवळ थांबावयाचे आहे.